वाचक विचारतात : लिनिअर अल्जिब्राचं पुस्तक उघडलंय, पण पुढे सरकत नाही

मागच्या अंकात कॉलेजच्या गणिताबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि तेव्हापासून पत्रं येतायत ती थांबेनात. सगळ्यात जास्त पत्रं एकाच विषयाची, लिनिअर अल्जिब्राची, म्हणजे व्हेक्टर आणि मॅट्रिक्सच्या गणिताची. कुणी बीएस्सीला आहे, कुणी नोकरी करत शिकतंय, कुणाला मुलांना शिकवायचंय, आणि अडतंय मात्र सगळ्यांचं साधारण त्याच दोन-तीन जागांवर. हा विषय माझ्या फार जवळचा, त्यामुळे या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. काही उत्तरं लांबलीयत, पण ती लांबायलाच हवी होती.

मॅडम, मी एसवायबीएस्सीला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मॅट्रिक्सची गणितं मला येतात, गुणाकार, इन्व्हर्स सगळं, बारावीला त्या धड्यात एकही मार्क गेला नव्हता. पण कॉलेजचं टेक्स्टबुक उघडलं की पहिल्याच धड्यात व्हेक्टर स्पेस आणि तिचे आठ नियम. पंधरा दिवस तेच पान वाचतेय, पाठ झालंय पण कळलेलं काहीच नाही. माझा पाया कच्चा आहे का?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

अगं नाही, पाया कच्चा नाहीये. ते पान आहेच तसं. ज्याला आधीच दहा उदाहरणं माहितीयत त्याच्यासाठी ते आठ नियम म्हणजे सारांश असतो, आणि तुला उदाहरणाआधीच सारांश वाढलाय. तर ते पान आत्ता मिटून ठेव आणि एक कोरा कागद घे.

समज दिवाळीच्या फराळाची दोन प्रकारची पाकिटं आहेत. पहिल्या पाकिटात २ लाडू आणि १ करंजी. दुसऱ्यात १ लाडू आणि ३ करंज्या. तुला मोजून ८ लाडू आणि ९ करंज्या हव्यात, पाकीट फोडायचं नाही, तर कुठली किती पाकिटं घेशील? दहावीची सवय म्हणून तू लगेच मांडशील, २ एक्स + वाय = ८ आणि एक्स + ३ वाय = ९, आणि सोडवून एक्स ३, वाय २ आणशील. बरोबरच आहे. पण हे मांडताना तू आधी सगळे लाडू मोजलेस आणि मग सगळ्या करंज्या, म्हणजे आडव्या ओळीनं गेलीस. दुकानात उभी असतीस तर असं केलं असतंस का? तिथे तुझ्या हातात पाकीट असतं. (२, १) हे एक पाकीट, (१, ३) हे दुसरं पाकीट, आणि पहिलं ३ वेळा अधिक दुसरं २ वेळा म्हणजे (६, ३) अधिक (२, ६), झाले (८, ९). मॅट्रिक्सचा एकेक उभा कॉलम म्हणजे एकेक पाकीट आहे, आणि मॅट्रिक्सला व्हेक्टरनं, म्हणजे (३, २) सारख्या आकड्यांच्या यादीनं, गुणणं म्हणजे कुठलं पाकीट किती घेतलं एवढंच. बारावीला आपल्याला आडवी ओळ गुणिले उभी ओळ असं शिकवतात, उत्तर तेच येतं, पण त्या पद्धतीत पाकीट दिसत नाही, आणि पुढचे सहा महिने जे काही शिकायचंय ते सगळं पाकिटांबद्दल आहे. म्हणून मी माझ्या वर्गात पहिले दोन आठवडे मुलांना आडवा गुणाकार करूच देत नाही.

आता दुसरं पाकीट बदल. त्यात ४ लाडू आणि २ करंज्या घाल. जरा बघ काय झालं. हे नवीन पाकीट नाहीच, पहिलंच दोनदा बांधलंय. आता कितीही पाकिटं आण, लाडू नेहमी करंज्यांच्या दुप्पटच येणार. (८, ४) मिळेल पण (८, ९) कधीच मिळणार नाही. याला पुस्तकात म्हणतात कॉलम लिनिअरली डिपेंडंट आहेत, रँक, म्हणजे खरोखर वेगळ्या पाकिटांची संख्या, १ आहे, आणि जे जे मिळू शकतं त्या सगळ्याला कॉलम स्पेस म्हणतात, जी इथे एक रेघ आहे. आणि (८, ४) तरी कसं मिळेल? पहिली ४ घे, नाहीतर दुसरी २ घे, नाहीतर पहिली २ आणि दुसरं १ घे. एकापेक्षा जास्त उत्तरं का आली? कारण पहिल्या प्रकारची दोन पाकिटं परत केली आणि दुसऱ्या प्रकारचं एक उचललं तर पिशवीत फरक काहीच पडत नाही. ही जी काहीच फरक न पडणारी अदलाबदल आहे ना, तीच नल स्पेस. झालं, चार मोठे शब्द तुझ्या फराळात आले.

आता ते मिटलेलं पान उघड. पाकिटं कुठल्याही क्रमानं पिशवीत टाकली तरी चालतं, दुप्पट करून मग मिसळली काय आणि मिसळून दुप्पट केली काय सारखंच, रिकामी पिशवी मिळवली तर फरक पडत नाही. आठ नियम म्हणजे हेच, आणि हे जिथे चालतात त्या पाकिटांच्या जगाला व्हेक्टर स्पेस म्हणतात; तू वर हिशेब करताना ते न विचारता वापरलेस. मग ते लिहून ठेवायची गरज काय, तर पाकिटात लाडूच असायला हवेत असं नाही म्हणून. ३ + ५ एक्स + ४ एक्सचा वर्ग ही बहुपदी घे, ती म्हणजे (३, ५, ४) असं पाकीट. तिचं डेरिव्हेटिव्ह ५ + ८ एक्स, म्हणजे (५, ८, ०). डेरिव्हेटिव्ह घेणं ही क्रिया तीन कॉलमच्या मॅट्रिक्सनं लिहिता येते, (०, ०, ०), (१, ०, ०) आणि (०, २, ०). स्वतः गुणून बघ, ३ वेळा पहिला, ५ वेळा दुसरा, ४ वेळा तिसरा. कॅल्क्युलसची गोष्ट मॅट्रिक्समध्ये बसली हे पहिल्यांदा हातानं करून बघितलं तेव्हा मी त्या दिवशी जेवायचं विसरले होते, खरंच सांगते.

आणि हो, कुठलीही व्याख्या आली की वहीत दोन रकाने कर, बसतं आणि बसत नाही. सबस्पेस आली ना, म्हणजे बेरीज किंवा पट केली तरी आपण आतच राहतो असा भाग, तर ओरिजिनमधून जाणारी रेघ बसते. ओरिजिन सोडून जाणारी बसत नाही. ग्राफचा पहिला चतुर्थांश घेतला तर बेरीज आतच राहते पण उणे एकनं गुणलं की बाहेर, म्हणून बसत नाही. दोन्ही अक्ष मिळून घेतले तर गुणाकार आत राहतो पण (१, ०) अधिक (०, १) बाहेर पडतं, म्हणून तेही बसत नाही. व्याख्या समजते ती या बसत नाही वाल्या रकान्यामुळे, आणि नेमका तोच रकाना मुलं रिकामा ठेवतात.

बेसिस काढायच्या गणितात माझं उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी कधीच जुळत नाही. स्टेप्स दहा वेळा तपासल्या. पुस्तकातली उत्तरं चुकीची असतात का?
— एक वाचक, जळगाव

कधीकधी असतात, पण इतक्या वेळा नाही. मला दोन शक्यता वाटतात. एक तर तुझंही बरोबर आहे आणि पुस्तकाचंही, कारण बेसिस, म्हणजे ज्यांच्यापासून सगळी स्पेस बनते असा एकमेकांवर अवलंबून नसलेल्या व्हेक्टरांचा संच, एकच नसतो. एकाच प्रतलासाठी मी (१, ०, १) आणि (०, १, १) देईन, तू (१, १, २) आणि (१, −१, ०) देशील, दोन्ही चालतात. तपासायचं कसं, तर तुझा प्रत्येक व्हेक्टर पुस्तकातल्या व्हेक्टरांपासून बनतोय का बघ, तुझे व्हेक्टर एकमेकांवर अवलंबून नाहीत ना बघ आणि संख्या सारखी आहे का बघ. संख्या मात्र सारखीच यायला हवी, तिथे सूट नाही, तिलाच डायमेन्शन म्हणतात.

दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे आणि पेपर तपासताना मला ती दर वर्षी दिसते. कॉलम स्पेसचा बेसिस काढायला मुलं रो रिडक्शन करतात (ओळींतून ओळी वजा करून मॅट्रिक्स सोपा करतात), पिव्हॉट (ओळीतला पहिला शून्य नसलेला आकडा) शोधतात, इथपर्यंत बरोबर, आणि मग खालच्या, म्हणजे रिड्यूस झालेल्या मॅट्रिक्सचे कॉलम उचलून उत्तर लिहितात. चूक. कॉलम मूळ मॅट्रिक्सचे उचलायचे. पहिली ओळ १, २ आणि दुसरी ओळ २, ४ असलेला मॅट्रिक्स घे. याचे कॉलम (१, २) आणि (२, ४), म्हणजे कॉलम स्पेस (१, २) च्या दिशेची रेघ. आता दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा कर, ओळी झाल्या १, २ आणि ०, ०. नवा पहिला कॉलम (१, ०), म्हणजे आडवी रेघ. रेघच बदलली! रो ऑपरेशननं रो स्पेस तशीच राहते, नल स्पेस तशीच राहते, पण कॉलम स्पेस हलते. कॉलमांच्या बाबतीत न हलणारी गोष्ट एकच, कुठल्या नंबरचे कॉलम कशावर अवलंबून आहेत ते नातं. म्हणून पिव्हॉट फक्त नंबर सांगतो, माल वरून घ्यायचा. जुन्या वहीतली पाच गणितं काढून बघ, मला वाटतं हेच निघेल.

मी हिंजवडीत आयटीत आहे, वय ३४. मशीन लर्निंग शिकायला घेतलं आणि कळलं की लिनिअर अल्जिब्राशिवाय पुढे जाता येणार नाही. व्हिडिओ बरेच बघितले, बघताना सगळं कळतं, दोन दिवसांनी काही आठवत नाही. आता पुस्तकच घ्यायचं ठरवलंय, कुठलं घेऊ? आणि सिद्धता सोडून दिल्या तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

पुस्तक घ्यायचं ठरवलंत ते फार चांगलं केलंत. व्हिडिओ वाईट नसतात, चित्र डोळ्यासमोर उभं करायला ते पुस्तकापेक्षा भारी, पण व्हिडिओत पेन दुसऱ्याच्या हातात असतं. तुम्ही मान डोलावता आणि तो पुढे जातो. पुस्तक तुम्ही हललात तरच हलतं.

तुमच्या कामासाठी गिल्बर्ट स्ट्रँग यांचं इंट्रोडक्शन टू लिनिअर अल्जिब्रा घ्या. ते कॉलमपासूनच सुरू होतं, आकडे घेऊन शिकवतं, आणि सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशनपर्यंत व्यवस्थित नेतं, जे तुम्हाला डेटासाठी लागणारच आहे. एमआयटीतली त्यांची लेक्चर्स ओपन कोर्सवेअरवर फुकट आहेत, ती धडा वाचून झाल्यावर बघा, आधी नको. त्यांची भाषा मात्र गप्पा मारल्यासारखी आहे, वाक्यात एखादी महत्त्वाची गोष्ट सहज सांगून जातात आणि आपण वाचताना ती निसटते, म्हणून हळू वाचा. शेल्डन अ‍ॅक्सलर यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती त्यांनीच इंटरनेटवर मोफत ठेवलीय, सुंदर पुस्तक आहे, पण ते सिद्धतेचं पुस्तक आहे, दुसऱ्या फेरीला घ्या. आणि आपल्याकडचं म्हणाल तर मुंबई विद्यापीठात शिकवलेल्या एस. कुमारेसन यांचं भूमितीच्या अंगानं जाणारं छोटं पुस्तक आहे, स्वस्त आहे आणि ज्यांना आकृती काढल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना ते आवडतंच. हॉफमन-कुन्झे यांचं पुस्तक कुणी सुचवेल तर आदरानं ऐका आणि सध्या घेऊ नका, ते एमएस्सीच्या तयारीचं आहे, तिथून सुरुवात केलेली आणि दुसऱ्या धड्यात पुस्तक कपाटात ठेवलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीयत. तीन पुस्तकं एकदम मागवू नका एवढंच सांगेन. एक पुस्तक, एक वही, रोज एक तास, तीन-चार पानं झाली तरी पुष्कळ.

सिद्धतांचं म्हणाल तर सगळ्या सोडू नका. एखाद्या थिअरमची सिद्धता वाचायच्या आधी ते २ बाय २ वर आकडे घालून खरं आहे का बघा, मग त्यातली एखादी अट काढून टाका आणि मोडतं का बघा. उदाहरणार्थ सिमेट्रिक (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे असलेल्या) मॅट्रिक्सचे आयगनव्हेक्टर (मॅट्रिक्स ज्यांना वळवत नाही ते, खाली नाशिकच्या पत्रात बघा) एकमेकांना काटकोनात निवडता येतात, तुमचं (डेटा जास्तीत जास्त कुठल्या दिशांनी पसरलाय ते शोधणारं) प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस पूर्ण त्याच्यावर उभं आहे. सिमेट्रिक नसलेला एखादा मॅट्रिक्स घेऊन बघा, काटकोन जातो. एवढं हातानं केलंत की सिमेट्रिक असलेल्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच्या दिशा काटकोनात का येतात ते परत कुणी सांगावं लागणार नाही.

आम्ही दहावीला वर्षानुवर्षं निश्चयक (डिटर्मिनंट) आणि क्रेमरची पद्धत शिकवत आलो. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मित्राच्या पुस्तकात निश्चयक थेट शेवटच्या धड्यात! आम्ही मुलांना चुकीचं शिकवलं की काय?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, चुकीचं अजिबात नाही. उलट दहावीच्या मुलाच्या हातात सोपं, न चुकणारं हत्यार दिलंत. वरच्याच पाकिटांना लावून बघू, २ गुणिले ३ वजा १ गुणिले १ म्हणजे ५. एक्ससाठी पहिला कॉलम काढून तिथे ८, ९ बसवले, २४ वजा ९ म्हणजे १५. १५ भागिले ५, तीन. वायसाठी १८ वजा ८, दहा, भागिले ५, दोन. फराळ बरोबर जमला.

शाळेत एक गोष्ट सांगायची राहून जाते, अभ्यासक्रमातच नसते त्यामुळे, की हा ५ आहे तरी काय. ग्राफ पेपरवर ओरिजिनपासून (२, १) आणि (१, ३) असे दोन बाण काढा आणि समांतरभुज चौकोन पूर्ण करा, त्याचं क्षेत्रफळ बरोबर ५ येतं. चौकोन मोजूनसुद्धा बघता येईल. आता दुसरा बाण (४, २) केला तर दोन्ही बाण एकाच रेषेवर, चौकोन चेपला, क्षेत्रफळ शून्य, आणि निश्चयकही २ गुणिले २ वजा ४ गुणिले १, शून्य. निश्चयक शून्य आला की एकमेव उत्तर मिळत नाही हे आपण नियम म्हणून सांगतो, त्याचं कारण हा चेपलेला चौकोन. आणि दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा निश्चयक म्हणजे निश्चयकांचा गुणाकार, हे थिअरम मुलं घोकतात, पण एकानं क्षेत्रफळ ५ पट केलं आणि पुढच्यानं ३ पट, तर एकूण १५ पट होणार हे भाजीवालीलाही सांगावं लागत नाही.

मग शेवटी का ढकललाय? अ‍ॅक्सलर यांच्या पुस्तकाबद्दल बोलत असाल तर त्यांचं म्हणणं असं की निश्चयकाचं सूत्र आधी आलं की विद्यार्थी सूत्राच्या मागे लपतो आणि आत काय चाललंय ते बघत नाही. मला ते बरंचसं पटतं, पूर्ण नाही, कारण २ बाय २ चं क्षेत्रफळ पहिल्या आठवड्यात दाखवायला काहीच हरकत नसते. दुसरं कारण हिशेबाचं. २० समीकरणं आणि २० चलं असतील आणि निश्चयक व्याख्येप्रमाणे उलगडत बसलात तर त्यात २० चं फॅक्टोरिअल इतकी पदं येतात, म्हणजे २४३ वर सोळा शून्यं लागतील एवढी. सेकंदाला १०० कोटी पदं करणारं यंत्र लावलं तरी ७७ वर्षं जातील. तेच एलिमिनेशननं, म्हणजे एका समीकरणातून दुसरं वजा करत केलं तर तीन हजाराच्या आसपास गुणाकारांत काम होतं. हीच पद्धत जर्मन गणिती गाऊसच्या नावानं ओळखली जाते पण चीनमधल्या नऊ प्रकरणांच्या प्राचीन गणितग्रंथात, आठव्या प्रकरणात, ती गाऊसच्या कितीतरी शतकं आधी आहे, तिथे उदाहरणं धान्याच्या पेंढ्यांची आहेत. नातवाला हे जरूर सांगा.

मुलीला शिकवताना मी स्वतःच परत शिकतेय, वीस वर्षांनी. आयगनव्हॅल्यू काढता येते, कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन मांडलं की झालं. पण ती काय आहे असं मुलीनं विचारलं आणि मला एक वाक्य सांगता आलं नाही. फार वाईट वाटलं.
— एक गृहिणी, नाशिक

ताई, वाईट वाटून घेऊ नका, आपल्या सगळ्यांनाच ती काढायलाच शिकवली, बघायला नाही. आयगन हा जर्मन शब्द आहे, अर्थ स्वतःचा. मॅट्रिक्स बहुतेक व्हेक्टरांना फिरवून भलत्याच दिशेला नेऊन ठेवतो, पण काही दिशा अशा असतात की त्यांना तो वळवत नाही, फक्त लांब करतो नाहीतर आखूड करतो किंवा उलटवतो. त्या दिशा त्याच्या स्वतःच्या. किती पट केलं तो आकडा म्हणजे आयगनव्हॅल्यू. हे झालं वाक्य, पण वाक्यानं मुलीचं समाधान होणार नाही, तिला हे करायला द्या.

कॉलेजजवळ दोन खानावळी आहेत, अ आणि ब. दर महिन्याला अ मधली ८० टक्के मुलं तिथेच राहतात, २० टक्के ब कडे जातात. ब मधली ७० टक्के राहतात, ३० टक्के अ कडे येतात. पहिल्या महिन्यात सगळी १००० मुलं अ मध्ये. पुढे अ मध्ये किती? तिला हातानं काढू द्या, ८००, मग ७००, मग ६५०, मग ६२५. ती स्वतःच म्हणेल की हे ६०० कडे चाललंय. आणि बघा, ६०० पासूनचं अंतर ४००, २००, १००, ५०, २५, दर महिन्याला बरोबर अर्धं. मग तिला सांगा की हा मॅट्रिक्स, कॉलम (०.८, ०.२) आणि (०.३, ०.७), याच्या आयगनव्हॅल्यू आहेत १ आणि ०.५. (६००, ४००) ही एकची दिशा, ती जागची हलत नाही, ६०० मधली १२० गेली आणि ४०० मधली १२० आली. (४००, −४००) ही अर्ध्याची दिशा, दर महिन्याला निम्मी होते. आणि सुरुवातीचे (१०००, ०) म्हणजे या दोघांची बेरीज! दहा महिन्यांनी काय होईल यासाठी मॅट्रिक्स दहा वेळा गुणायची गरजच नाही, अर्ध्याचा दहावा घात, ४०० भागिले १०२४, अर्ध्या मुलाचाही फरक उरला नाही.

मुलगी विचारेल याचा उपयोग काय, तर गुगलनं १९९८ च्या सुमाराला वेबपानांना क्रम लावायची जी पद्धत आणली ती मुळात हीच, खानावळींच्या जागी वेबपानं आणि मुलांच्या जागी लिंकवरून लिंकवर जाणारा वाचक, आणि शेवटी जिथे गर्दी स्थिरावते तो एकच्या आयगनव्हॅल्यूचा व्हेक्टर. मॅट्रिक्स अवाढव्य, कल्पना नाशिकच्या खानावळीएवढीच.

सिद्धता वाचून कळते, स्वतः लिहायला बसलो की कोरा कागद. सुरुवातच होत नाही.
— एक विद्यार्थी, म्हापसा

सुरुवात कल्पनेनं करायची नसते रे, व्याख्येनं करायची असते. एक करून दाखवते. सिद्ध करायचंय की टी हा लिनिअर मॅप वन-वन असेल तर तो इंडिपेंडंट व्हेक्टरांना इंडिपेंडंटच ठेवतो. कागदाच्या अगदी तळाला शेवटची ओळ आधी लिही: म्हणून सगळे सहगुणक शून्य. का, तर इंडिपेंडंटची व्याख्याच ती आहे. आता वर पहिली ओळ: समजा टी लावलेल्या व्हेक्टरांचं अमुक सहगुणकांनी केलेलं कॉम्बिनेशन शून्य आहे. ही पण व्याख्याच. आता मधली जागा भरायची आणि हातात दोनच गोष्टी आहेत. टी लिनिअर आहे, म्हणून तो कंसाबाहेर काढता येतो, म्हणजे मूळ व्हेक्टरांच्या कॉम्बिनेशनवर टी लावला तर शून्य येतं. टी वन-वन आहे, आणि शून्यावर टी लावला की शून्यच येतं, म्हणून ते मूळ कॉम्बिनेशनच शून्य असलं पाहिजे. मूळ व्हेक्टर इंडिपेंडंट दिलेत, म्हणून सहगुणक शून्य. खाली पोचलास. दिलेली प्रत्येक गोष्ट एकदा वापरली गेली का ते शेवटी मोज, एखादी राहिली असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी घसरलायस.

पहिल्या धड्यांतल्या निम्म्या सिद्धता अशाच आहेत. पुस्तक बंद करून पाच लिही, मग सहावीला कागद इतका कोरा वाटणार नाही.

मराठी शब्द वापरावेत की इंग्रजी? सदिश अवकाश म्हटलं की मुलं हसतात.
— एक शिक्षिका, लातूर

दोन्ही वापरा. व्याख्या इंग्रजीत लिहू द्या कारण पेपर इंग्रजीत आहे, पण समजावताना मुलं आपसात ज्या भाषेत बोलतात तीच. सदिश, निश्चयक, मिती हे शब्द चांगलेच आहेत, मिती तर डायमेन्शनपेक्षा मला जवळचा वाटतो. हसणाऱ्या मुलांना हरमान ग्रासमानची गोष्ट सांगा. हा शाळामास्तर, तेव्हाच्या जर्मनीतल्या श्टेटिन गावचा. १८४४ साली त्यानं जे पुस्तक काढलं त्यात आज आपण शिकवतो त्यातलं किती तरी होतं, लिनिअर इंडिपेंडन्स, डायमेन्शन, आणि ते जवळपास कुणी वाचलंच नाही. पुढे तो संस्कृतकडे वळला आणि ऋग्वेदाचा कोश तयार केला, तो अभ्यासक आजही वापरतात. व्हेक्टर स्पेसचे नियम आजच्या रूपात इटालियन गणिती पेआनोनं १८८८ साली मांडले ते ग्रासमानचं काम वाचूनच, पण तोवर ग्रासमान जाऊन अकरा वर्षं झाली होती.

सेमिस्टर परीक्षेला तीन आठवडे उरलेत, पुस्तक निम्मंही झालं नाही. काय करू?
— एक विद्यार्थी, सोलापूर

पहिला आठवडा एलिमिनेशन, कॉलम स्पेस, नल स्पेस आणि रँक-नलिटी, रोज दोन मॅट्रिक्स, एक ३ बाय ३ आणि एक ३ बाय ४, दोन्हीच्या सगळ्या स्पेसचे बेसिस काढायचे. दुसरा आठवडा लिनिअर मॅपचा मॅट्रिक्स लिहिणं, वरचं डेरिव्हेटिव्हचं उदाहरण वेगवेगळे बेसिस घेऊन कर, त्यात चेंज ऑफ बेसिस आपोआप येतो. तिसऱ्यात आयगनव्हॅल्यू, डायगोनलायझेशन आणि ग्राम-श्मिट. जॉर्डन फॉर्म तुमच्या सिलॅबसला असेल तर फक्त सोडवलेली उदाहरणं बघून ठेव, आत्ता त्यात शिरू नकोस. व्याख्या रोज सकाळी न बघता लिही, दहा असतील फार तर. सोल्युशन देणारी अ‍ॅप तीन आठवडे फोनमधून काढून टाक, आणि परीक्षा झाल्यावर सुट्टीत राहिलेलं निम्मं पुस्तक पूर्ण कर, तेव्हा अडलं तर मला परत लिही.